थंडी नसली तरी टेंट भिजतोच: नाताळच्या सुट्टीत पहिल्यांदा कॅम्पिंगला निघालेल्यांसाठी

आमच्या घरात थंडीचा थर्मामीटर म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठायला लागतं, त्यामुळे पुण्यात डिसेंबरमध्ये रोज सकाळी ती बाटली गरम पाण्याच्या बादलीत उभी करायची हा ठरलेला कार्यक्रम. गेल्या नाताळात मात्र तेल आपलं पाण्यासारखं वाहतंय, दही रात्री लावलं तर पहाटेपर्यंत आंबट होतंय, पंखा एकवर चालू आहे, आणि सासूबाईंनी हौसेने केलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच पडलेत कारण सगळ्यांना ते "उष्ण पडतात". कोपऱ्यावरचे स्वेटरवाले तर संध्याकाळी मोबाईल बघत बसलेले असायचे, गिऱ्हाईकच नाही.

अशा हवेत मला दर दोन दिवसांनी एक तरी फोन येतो. "अगं थंडी काही नाहीये यंदा, पोरांना सुट्टी आहे, टेंटमध्ये राहायला जाऊ का?" जा की. पण पुढचं वाक्य असतं की "स्वेटर-बिटर काही घेत नाही, उगाच ओझं", आणि तिथे माझा जीव खालीवर होतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. यातलं बरंचसं भंडारदऱ्याच्या आसपासचं आहे कारण आम्ही जास्त करून तिकडेच जातो, पण पवना, मुळशी, राजमाची कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल.

आधी हे समजून घ्या की थंडी गेली कुठे

आपल्याकडे थंडी येते ती उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्यांनी आणि निरभ्र आकाशाने. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडून देते, आकाश मोकळं असलं की ती निघून जाते आणि पहाटे दात वाजतात. बंगालच्या उपसागरात काही गडबड झाली की वारे फिरतात, पूर्वेकडून बाष्प येतं, ढग येतात, आणि ते ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच. २०२४ मध्ये नोव्हेंबरच्या अखेरीला फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ धडकलं आणि त्यानंतर आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला थंडीच पळाली, आणि त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात अवकाळी पाऊस. म्हणजे नेमकं सुट्टीत.

यातून कॅम्पिंगवाल्याने दोन गोष्टी डोक्यात ठेवायच्या. एक म्हणजे अशी उबदार हवा ओली असते, त्यामुळे रात्री गारठ्याने नाही तर दवाने हाल होतात. दुसरी म्हणजे ढग हटले की ही गोधडी एका रात्रीत ओढली जाते, मग १७ वरचं तापमान दुसऱ्या पहाटे १० वर आलं तरी आश्चर्य वाटून घेऊ नका. आम्ही भंडारदऱ्याच्या काठच्या रतनवाडीजवळ दोन रात्री राहिलो होतो तेव्हा पहिल्या पहाटे माझ्या छोट्या थर्मामीटरवर १६ होते, दुसऱ्या पहाटे ९. तीच जागा, तोच टेंट, तीच माणसं, फक्त रात्री बाराच्या सुमाराला आकाश उघडलं. जाऊबाई पहिल्या रात्री पांघरूण लाथाडत होत्या आणि दुसऱ्या रात्री माझ्या वाट्याची शालसुद्धा त्यांच्या अंगावर.

तारीख आणि जागा

३१ डिसेंबरला जाऊ नका. हे मी अगदी स्पष्ट सांगते. पवनेच्या काठाला त्या रात्री टेंटला टेंट चिकटलेला असतो, गाड्यांची रांग, स्पीकर, बार्बेक्यूचा धूर, आणि पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटतं की कॅम्पिंग म्हणजे हेच. कळसूबाईला त्या रात्री शिड्यांवर रांग लागते, खालचा वर जाऊ शकत नाही आणि वरचा खाली. २६ ते २९ मधले कामाचे वार निवडा, रजा टाकावी लागली तरी टाका. शाळांना सुट्टी असते, गर्दी निम्मी असते, आणि गावातल्या लोकांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो.

पहिल्या वेळेला गडावर मुक्काम नको. गाडी जिथपर्यंत जाते तिथून ५ मिनिटांच्या अंतरावर टेंट पाहिजे, म्हणजे अगदीच काही बिनसलं तर गाडीत जाऊन झोपता येतं. भंडारदऱ्याला पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत धरणाजवळच्या शेंडी गावाला पोचायला जेवणाचा थांबा धरून ५ तास तरी लागतात, मुंबईकरांनी इगतपुरीच्या पुढे घोटीला वळायचं. हा सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा आणि तिथेच विचारा की टेंट कुठे लावायला परवानगी आहे. जंगलात मनाला येईल तिथे टेंट ठोकायचा नाही. गावात ज्यांच्या शेतात लावू देतात त्यांच्याकडेच लावायचा, पैसे आधी बोलून घ्यायचे, आणि त्यांच्याच घरून जेवण सांगायचं.

तयार कॅम्पवाल्यांकडे जाणार असाल तर फक्त एकच सांगते, आपल्या अंथरूण-पांघरुणाची सोय आपण करा. एका ठिकाणी आम्हाला मिळालेल्या रजया हाताला ओलसर लागत होत्या आणि वास असा की पोराने रात्रभर जॅकेटच पांघरलं. मालक म्हणाला, "ताई, थंडी कुठंय?" थंडी नव्हतीच हो, पण ओल होती ना.

अंदाज कसा बघायचा

सगळे लोक दुपारचं तापमान बघतात, २९, आणि खूश होतात. तो आकडा विसरा. हवामान खात्याच्या साइटवर किंवा कुठल्याही ॲपवर तीन गोष्टी बघायच्या: किमान तापमान, रात्रीचे ढग, आणि दवबिंदू. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी व्हायला लागतं ते. रात्रीचं किमान तापमान आणि दवबिंदू यात २-३ डिग्रीचाच फरक दिसला तर समजा टेंट बाहेरून आतून दोन्हीकडून भिजणार. फरक ८-१० असेल तर कोरडी रात्र, फक्त गार.

आणि अंदाज ज्या गावाचा बघताय ते गाव किती उंचावर आहे हेही बघा. दर हजार मीटरला साधारण ६ डिग्री कमी होतात. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, खालचा परिसर साडेसातशेच्या आसपास, म्हणजे वर ५ डिग्री कमी आणि वाऱ्याने ते आणखी खाली गेल्यासारखे वाटतात. उलट धरणाच्या काठाला, दरीच्या तळाला रात्री गार हवा येऊन साचते, त्यामुळे कधीकधी पाण्याकाठी जास्त गारठतं आणि ५० फूट वरच्या शेतात बरं असतं. हे मला रतनवाडीच्या मामांनी शिकवलं, अंदाज-बिंदाज न बघता. "पान्याजवळ नका लावू बाई, खाली गार बसतं."

गच्चीवर एक रात्र

टेंट नवीन असो, भाड्याचा असो, मित्राचा असो, निघायच्या आधी एकदा गच्चीवर लावून त्यात झोपा. सेक्रेटरी विचारतील काय चाललंय, सांगा मुलांचा प्रोजेक्ट आहे. पोल कुठे घालायचे, वरचं कव्हर म्हणजे फ्लायशीट कुठल्या बाजूने, खिडक्या कुठे आहेत, हे अंधारात टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही. आमच्या एका शेजाऱ्यांनी बॅग न उघडता नेली, तिथे गेल्यावर कळलं की पोल घरी लॉफ्टवरच राहिलेत. चार माणसं रात्रभर गाडीत.

आणि दुकानदार "४ जणांचा" म्हणतो तो टेंट तिघांचा समजा, ओल्या हवेत दोघांचा. अंग कापडाला लागलं की तिथून पाणी झिरपतं.

काय न्यायचं

कपड्यांचं सोपं गणित. अंगाला चिकटून जो थर असतो तो सुती नको, ड्रायफिटचा टीशर्ट चालेल, कारण सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही आणि अशा दमट हवेत तर नाहीच नाही. त्यावर फ्लीस किंवा साधा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं विंडचीटर. तीन पातळ थर एका जाड जॅकेटपेक्षा बरे, काढता घालता येतात. उबदार हवेत चढताना घाम फार येतो, मग वर जाऊन थांबलं की पाच मिनिटांत हुडहुडी भरते, म्हणून चढताना स्वेटर काढायचा आणि थांबल्याबरोबर घालायचा. माझा भाचा कॉलेजचा, हाफ पँटवर कळसूबाई चढला, "मावशी, काय उकडतंय", आणि वर देवळाच्या भिंतीआड सूर्योदयाची वाट बघत माझ्या ओढणीत गुंडाळून बसला होता. फोटोत तो नाहीये.

कानटोपी घ्याच. हसू नका, वजन काहीच नसतं. झोपायचे मोजे वेगळे ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, ते दिवसा घालायचेच नाहीत. रात्री कोरड्या मोज्यांत पाय घालण्याचं सुख काय असतं ते गेल्यावर कळेल.

झोपण्यासाठी स्लीपिंग बॅग घेणार असाल तर त्यावर दोन आकडे असतात, त्यातला "कम्फर्ट" लिहिलेला बघा, दुसरा म्हणजे कसंबसं निभावेल असा. आपल्याकडच्या डिसेंबरला ५ ते १० डिग्री कम्फर्टची बॅग भरपूर झाली, मनालीसाठी केलेली उणे दहाची घेऊ नका, घामाघूम व्हाल आणि मग ती आतून ओली. बॅगेच्या आत एक जुनी सुती चादर शिवून किंवा दुमडून घाला. उकडलं तर बॅग उघडून नुसती चादर, गारठलं तर दोन्ही. बॅग नसेल तर घरातली लोकरीची घोंगडी न्या, लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, कापसाची रजई ओल धरते आणि मग नुसतं ओझं.

सगळ्यात जास्त पैसे खालच्या मॅटवर घाला. जमिनीतून येणारा गारवा वरच्या पांघरुणाने थांबत नाही. हवा भरायची गादी छान दिसते पण त्यातली हवा पहाटे गार पडते, त्यापेक्षा फोमची गुंडाळायची मॅट. आणि गावात असाल तर त्यांच्याकडे भाताचा पेंढा असतो, विचारून दोन भारे टेंटखाली पसरा, वर ताडपत्री आणि त्यावर टेंट. काय मऊ लागतं! फक्त तो शेकोटीपासून लांब ठेवायचा आणि सकाळी परत नेऊन द्यायचा, तो गुरांचा चारा आहे.

बाकी हेडलॅम्प माणशी एक, पॉवर बँक, दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुना टॉवेल (हा कशाला ते पुढे सांगते), ओडोमॉस. हो, डिसेंबरमध्ये ओडोमॉस. थंडी असली की डास नसतात, गेल्या नाताळात होते.

टेंट लावणं

नाताळात सूर्य ६ वाजून गेले की मावळतो आणि साडेसहाला मिट्ट काळोख. म्हणून ४ ला जागेवर, ५ ला टेंट उभा, हा नियम.

जागा बघताना आधी वर बघा. वाळलेली फांदी आहे का, आणि आग्या मोहोळ आहे का. मोहोळ असेल तर ती जागाच सोडा, धूर वर गेला की माश्या उठतात आणि मग पळायलाही जागा पुरत नाही. मोहोळ नसेल तर झाडाखाली लावणं चांगलं, झाडाच्या छत्राखाली दव खूप कमी पडतं. उघड्या माळावर लावलेला टेंट सकाळी पाऊस पडल्यासारखा असतो आणि झाडाखालचा जवळजवळ कोरडा, हे मी शेजारी शेजारी लावलेल्या दोन टेंटमध्ये बघितलंय.

मग खाली बघा. भातकापणी झालेल्या खाचरात सपाट जागा मिळते पण तिथे धसकटं असतात, कापलेल्या रोपांचे टोकदार बुडखे, ते टेंटचा तळ सुईसारखे फोडतात. विळ्याने किंवा बुटाने ती मोडून, वर पेंढा टाकूनच टेंट. शेजारच्या वावरात हरभरा किंवा मसूर असेल तर त्यातून वाट काढू नका. मामांचं आधीच डोकं फिरलेलं होतं, "तुमाला बरं वाटतं वो असं वारं, आमच्या हरभऱ्यात ढगांनी अळी सुटली." थंडी न पडणं आपल्याला सुट्टी, त्यांना फवारणीचा खर्च.

पाण्यापासून निदान २०० फूट लांब आणि थोडं वर. दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि जमलं तर पूर्वेचं ऊन सकाळी टेंटवर पडेल असं, वाळवायला तेच कामाला येतं. फ्लायशीट ताणून बांधा, ती आतल्या कापडाला कुठेही टेकता कामा नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि सगळेजण हेच चुकतात. खिडक्या उघड्या ठेवा. जाळी बंद, कापड उघडं. पहिल्या वेळेला आम्ही "गारठा येईल" म्हणून सगळ्या चेन लावून, फटीत टॉवेल कोंबून झोपलो. पहाटे ४ ला मुलगा उठून म्हणतो, "आई, पाऊस आला." बाहेर चांदणं. पाऊस आतच होता. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून पाव लिटर तरी पाणी हवेत सोडतो, आम्ही तिघं, ते सगळं छतावर जमून थेंब थेंब तोंडावर. स्लीपिंग बॅगचे पाय भिजलेले. तेव्हापासून वरची खिडकी एक आणि खालची समोरच्या बाजूची एक, दोन्ही वीतभर उघड्या. हवा खेळली की थेंब धरत नाहीत, आणि धरले तर तो जुना टॉवेल, पहाटे एकदा आतून छत पुसून घ्यायचं, हात न लावता पडून राहिलात तर सकाळपर्यंत सगळं अंथरुणावर. ओले बूट, ओले कपडे आत वाळत घालू नका, तेही पाणीच सोडतात.

जेवण आणि शेकोटी

पहिल्या वेळेला स्वयंपाकाचा घाट घालू नका. गावात पिठलं, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, ठेचा, चुलीवरचा इंद्रायणी भात मिळतो, त्यापुढे तुमचं पॅकेटचं काय. सोबत चहाचं सामान, बिस्किटं, भडंग, उकडलेली अंडी एवढं पुरे. मॅरिनेट केलेलं चिकन डब्यात घालून गाडीत ५ तास न्यायचं हे खऱ्या थंडीत चालून जायचं कदाचित, २९ डिग्रीला नाही. दुसऱ्या दिवशी कोण किती वेळा कुठे पळालं ते लिहीत नाही.

रायगडकडे जाणारे असाल तर पोपटीचा बेत करा, अलिबाग-पेणकडचा थंडीतला खास प्रकार. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, खडेमीठ, तोंडाला परत पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवतीने आग. पाणी अजिबात नाही. शेंगा भरलेल्या असल्या पाहिजेत, त्यामुळे कधी मिळेल ते तिथल्यांनाच विचारा, आणि स्वतः करायला जाऊ नका, ज्यांना येते त्यांच्या अंगणात जा.

पाणी माणशी ३-४ लिटर घरून. धरणाचं, टाक्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि धरणात पोहायला उतरू नका, काठ गाळाचा असतो, एकदम खोल होतो, आणि दरवर्षी याच दिवसांत बातम्या येतात.

शेकोटीचं सांगायचं तर डिसेंबरात गवत सोन्यासारखं वाळलेलं असतं आणि एक ठिणगी डोंगर पेटवू शकते. ज्यांच्या शेतात आहात त्यांनी दाखवलेल्या जागेवरच, त्यांच्याकडून लाकूड विकत घेऊन, टेंटपासून १५ फूट तरी लांब, बादलीभर पाणी शेजारी. टेंटच्या कापडाला ठिणगीने बटणाएवढं भोक पडतं आणि भाड्याचा असेल तर डिपॉझिट गेलं. झोपताना पाणी ओतून, काठीने राख उकरून, परत पाणी. हात ठेवून बघायचा, गार लागली पाहिजे. खरं सांगू का, गेल्या नाताळात शेकोटी पेटवून सगळेजण खुर्च्या मागे मागे सरकवत होते. फोटो काढले आणि विझवली.

शेगडी, कोळसा, गॅस, यातलं काहीही टेंटमध्ये न्यायचं नाही. विझत आलेले निखारेसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच. यात "थोडा वेळ चालेल" असं काही नसतं.

रात्री

साप, विंचू यांचं अंग बाहेरच्या हवेप्रमाणे गरम-गार होतं. कडक थंडीत ते बिळात गप्प असतात, उबदार रात्री फिरतात. म्हणजे ज्या हवेत तुम्हाला अनवाणी फिरावंसं वाटतं त्याच हवेत त्यांनाही. रात्री लघवीला जाताना बूट आणि टॉर्च, पाय आपटत जायचं. बूट बाहेर ठेवले असतील तर सकाळी उलटे करून झटकायचे. टेंटची जाळी एक मिनिटसुद्धा उघडी नको, पोरं सारखी आत-बाहेर करतात तेव्हा ओरडावं लागतं तर ओरडा. लाकडाच्या, पेंढ्याच्या ढिगात हात घालायचं काम गाववाल्यांना करू द्या. चुकून चावलंच काही तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं काही नाही, माणसाला हलू द्यायचं नाही, धीर द्यायचा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने सरळ सरकारी दवाखान्यात. जवळचा कुठला ते गेल्या गेल्या विचारून ठेवा, आणि फोनला रेंज कुठल्या कोपऱ्यात येते तेही.

खाण्याच्या पिशव्या टेंटमध्ये नको, गाडीत. उंदीर कापड कुरतडतात, आणि सकाळी माकडं येतात ती चेन उघडायला शिकलेली आहेत.

ढग नसले तर झोपायच्या आधी १० मिनिटं टॉर्च बंद करून पडा. ८-९ च्या सुमाराला पूर्वेकडे मृग चांगला वर आलेला असतो, त्याच्या खाली व्याध, डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. आमच्या त्या दुसऱ्या रात्री ढग हटल्यावर मुलाने उठवून दाखवलं होतं, मी पाच मिनिटं बघितलं आणि मग विचार आला की अरे आकाश उघडलंय म्हणजे आता गारठणार, आणि सगळ्यांना उठवून मोजे घालायला लावले. खिडक्या वीतभरच्या बोटभर केल्या, बंद नाही केल्या.

सकाळी

सूर्य सातला येतो. प्रातर्विधीसाठी बऱ्याच घरांत पैसे देऊन शौचालय वापरू देतात, तेच बघा. नाहीच मिळालं तर पाण्यापासून २०० फूट लांब, वीतभर खड्डा खणून, नंतर माती लोटून. पॅड, डायपर, टिश्यू जे काही असेल ते कागदात गुंडाळून जास्तीच्या काळ्या पिशवीत घरी, पुरायचं नाही, जाळायचं नाही.

टेंट आवरायची घाई करू नका. चहा होईपर्यंत फ्लायशीट काढून उन्हात उलटी टाका, अंथरुणं दोरीवर. ढगाळ सकाळ असेल तर वाळणारच नाही, मग टॉवेलने पुसायची, वेगळ्या पिशवीत कोंबायची आणि आतला कोरडा टेंट तिच्यापासून वेगळा न्यायचा. खुंट्या मोजा. आमच्या दर वेळी एक कमी असते.

घरी आल्यावर

आलात की आंघोळीच्या आधी टेंट गच्चीत किंवा गॅलरीत पसरा. "उद्या करू" म्हटलं आणि ओला टेंट पिशवीत तीन दिवस राहिला की काळे ठिपके पडतात, बुरशीचे, ते कशानेही जात नाहीत आणि वास तर पुढच्या नाताळपर्यंत टिकतो. ढगाळ हवेत दोन दिवस लागले तरी लागू द्या, पंख्याखाली हॉलमध्ये टाका, घरातल्यांनी त्यावरून उड्या मारत जावं. तळ ओल्या फडक्याने पुसून घ्या, साबण, वॉशिंग मशीन नको, वरचा पाणी अडवणारा थर जातो. स्लीपिंग बॅग दुकानातून आली तशी दाबून बांधून ठेवू नका, आतलं भरण चपटं होतं आणि ऊब जाते. मी ती एका जुन्या नऊवारीच्या गाठोड्यात सैल बांधून कपाटावर ठेवते. गेल्या वेळी ते गाठोडं बांधत होते तेव्हा बाथरूममधून आवाज आला, "अगं, तेल गोठलंय, गरम पाणी आण." ३ जानेवारी. शाळा सुरू झाल्या होत्या.